पाहुणा उठून गेला, हें सर्व्हरास कसें कळतें ?

गेल्या वर्षीं जून महिन्याच्या अखेरीस, शाळा नुकतीच सुरू झालेली असतां, जवळच्या खेड्यांतील एक कास्तकार आपल्या मुलीस घेऊन माझ्याकडे आले. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरावयाचा होता. घरीं संगणक नसल्यामुळें वणीच्या बाजारांतील एका दुकानांत बसून तो भरावा, आणि चूक होऊं नये म्हणून मास्तरांनीं जवळ असावें, अशी त्यांची इच्छा होती. आम्ही तिघेही गेलों. मुलीनें एकेक रकाना दोनदां तपासून नांव, जन्मतारीख, गुण, बँकेच्या खात्याचा क्रमांक असें सर्व सावकाश लिहिलें. एकाच लांबलचक पानावर तीस-पस्तीस रकाने होते. मध्येंच उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक विचारलेला निघाला, आणि दाखला तर घरीं राहिलेला ! वडिलांनीं घरीं फोन केला. तेथें पेटी उघडून दाखला शोधून कोणी तो वाचून दाखवीपर्यंत बराच वेळ गेला. एकंदर पाऊण तास लोटला असावा. शेवटीं मुलीनें 'सादर करा' हें बटन दाबलें, आणि पडद्यावर एक ओळ उमटली : "आपलें सेशन समाप्त झालें आहे. कृपया पुन्हां प्रवेश करा." तिनें लिहिलेलें सारें नाहींसें झालें होतें.

मुलीचे डोळे भरून आले. पण ती चौकस असल्यामुळें तिनें रडण्याऐवजीं प्रश्न विचारला. "सर, आपन तं इथून उठलोच नाई. मंग त्यायले कसं वाटलं का आपन गेलो म्हनून ?"

दुकानदारास हा प्रकार नवा नव्हता. त्यानें याच्या नेमकी उलट हकीकत सांगितली. आठ दिवसांपूर्वीं एक विद्यार्थी आपलें काम आटोपून, खिडकी मिटवून निघून गेला. त्याच जागीं पुढचा ग्राहक बसला व त्यानें तेंच संकेतस्थळ उघडलें, तों गेलेल्या मुलाचें खातें, गुणपत्रिका व बँकेचा क्रमांक यांसह, त्याच्यापुढें उघडें झालें. ग्राहक सज्जन होता म्हणून बरें.

म्हणजे जो जागेवर बसून होता त्यास यंत्रानें उठवून लावलें, आणि जो खरोखरच उठून गेला होता त्याची जागा मात्र आदरानें राखून ठेविली. प्रथमदर्शनीं हा वेडेपणा वाटतो. परंतु दोन्ही गोष्टींचें मूळ एकच आहे, आणि तें समजून घेण्यासारखें आहे. कारण आज शिष्यवृत्ती, प्रवेश, सातबारा, बँक, रेल्वेचें तिकीट, यांपैकीं कशासाठीं ना कशासाठीं आपणां सर्वांसच या यंत्रापुढें बसावें लागतें.

आधीं आपल्या ओळखीचें एक उदाहरण घेऊं. वणीच्या स्टेशनांतून कोळशाची मालगाडी जातांना ज्यांनीं लक्षपूर्वक पाहिली असेल, त्यांच्या ध्यानांत आलें असेल कीं, रेल्वेचीं माणसें एंजिनापेक्षां शेवटच्या डब्याकडे अधिक काळजीनें पाहतात. त्या डब्याच्या पाठीवर दिवसा 'एल. व्ही.' अशीं इंग्रजी अक्षरें असलेली पाटी असते व रात्रीं तांबडा दिवा असतो. ही खूण दिसली म्हणजे गाडी सबंध आली, मध्येंच सांखळी तुटून चार डबे मागें रुळांवर राहिले नाहींत, अशी खात्री पटते. मगच मागच्या स्टेशनास लाइन मोकळी झाल्याचें कळवितात. गाडी संपली हें अनुमानानें ठरवावयाचें नाहीं. शेवटची खूण डोळ्यांनीं पाहूनच ठरवावयाचें, असा हा दंडक आहे.

घरांतील जुन्या तारेच्या फोनचीही तीच गोष्ट. बोलणें झाल्यावर रिसीव्हर खालीं ठेवला कीं तारेंतून वाहणारा विजेचा प्रवाह खंडित होतो, आणि संभाषण संपलें हें एक्स्चेंजला तत्क्षणीं कळतें. पूर्वीं मोठ्या संगणकास तारांनीं जोडलेलीं टर्मिनलें असत, तेथेंही तार सुटली कीं मुख्य यंत्रास सूचना मिळे; युनिक्स या प्रसिद्ध प्रणालींत तर त्या सूचनेस 'हँगअप' म्हणजे फोन खालीं ठेवणें, असेंच नांव पडलें आहे. या सर्व व्यवस्थांत दोघांमध्यें एक धागा सतत ताणलेला असतो. तो तुटला कीं दुसऱ्यास हिसका बसतो.

वेबची रचना मुळांतच निराळी आहे. १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत जी योजना मांडली व पुढील एक-दोन वर्षांत प्रत्यक्षांत आणिली, तिच्यांत असा ताणलेला धागा नाहीं. आपल्यापुढील यंत्रांत पानें दाखविणारा जो ब्राउझर असतो, तो दूरच्या संगणकास, म्हणजे सर्व्हरास, एक मागणी पाठवितो. सर्व्हर तिचें उत्तर देतो. आणि दोघांचा संबंध तेथेंच संपतो. पुढच्या मागणीच्या वेळीं सर्व्हरास मागील मागणीची आठवणही नसते. पोस्टाच्या खिडकीवर बसलेला कारकून ज्याप्रमाणें पुढें आलेल्या माणसास तिकीट देतो व लगेच पुढच्याकडे वळतो, त्याप्रमाणें हा प्रकार आहे. पुढें वेग वाढविण्यासाठीं एकच जोड थोडा वेळ उघडी ठेवून तिच्यावरून अनेक मागण्या पाठविण्याची सोय झाली. पण ती जोड बंद झाली एवढ्यावरून माणूस गेला, असें ठरत नाहीं. कोणी या विसराळूपणास दोष समजेल, तर तें बरोबर नव्हे. सर्व्हर विसराळू असल्यामुळेंच एक साधा संगणक हजारों लोकांस पानें पुरवूं शकला, आणि वेब जगभर पसरलें. आपल्या देशांत विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सर्वसामान्य लोकांस इंटरनेट खुलें केलें, व २००२ साली रेल्वेचें तिकीट घरबसल्या वेबवरून काढतां येऊं लागलें. तें या साधेपणाच्या बळावरच.

परंतु तिकीट काढावयाचें म्हटलें म्हणजे विसराळू कारकून चालत नाहीं. गाडी निवडणारा, प्रवाशांचीं नांवें देणारा आणि पैसे भरणारा तो एकच मनुष्य आहे, हें ओळखतां आलें पाहिजे. या अडचणींतून १९९४ साली नेटस्केप कंपनींतील लू माँटुली या तरुणानें मार्ग काढला. वेबवरील दुकानांत गिऱ्हाइकानें टोपलींत काय काय घातलें आहे हें लक्षांत ठेवण्यासाठीं त्यानें 'कुकी' नांवाची युक्ति योजिली. प्रथम भेटींत सर्व्हर ब्राउझरास एक चिठ्ठी देतो, आणि ब्राउझर पुढील प्रत्येक मागणीबरोबर ती चिठ्ठी परत दाखवितो. आतां चिठ्ठीवर बहुधा एक लांबलचक, कोणास तर्कानें ओळखतां येऊं नये असा क्रमांक असतो, आणि सर्व्हर आपल्याजवळील वहींत त्या क्रमांकापुढें लिहून ठेवितो : हा अमुक विद्यार्थी, यानें इतकें इतकें केलें, आणि हा शेवटीं अमुक वाजतां दिसला. वहींतील या नोंदीसच सेशन, अथवा आपल्या भाषेंत बैठक, म्हणतात.

ही बैठक म्हणजे कोणी खरोखर बसलेला नव्हे. ती केवळ वहींतील एक ओळ आहे. सर्व्हरानें आपणांस कधीं पाहिलेलें नसतें. आपण खुर्चीवर आहों कीं चहा घेण्यास गेलों आहों, हें त्यास दिसत नाहीं. त्यास फक्त मागण्या दिसतात. मुलीनें पाऊण तास मन लावून अर्ज लिहिला हें खरें. परंतु तें लेखन तिच्यापुढील पडद्यावर चाललें होतें. 'सादर करा' हें बटन दाबीपर्यंत त्यांतील एक अक्षरही सर्व्हराकडे गेलें नव्हतें. आम्हांस तो पाऊण तास धामधुमीचा वाटला. सर्व्हरास तो निव्वळ शांततेचा गेला.

यात्रेच्या दिवसांत देवळाबाहेर चपला सांभाळणारा जो मनुष्य बसतो, त्याची स्थिति या सर्व्हरासारखीच असते. आपण चपला दिल्या कीं तो पत्र्याचा बिल्ला देतो. बिल्ला परत आला म्हणजे व्यवहार पुरा झाला, यांत शंका नाहीं. पण बिल्ला परत आलाच नाहीं तर ? तो भाविक अजून रांगेंत असेल. बाजारांत बांगड्या घेत असेल. किंवा घाईंत अनवाणी घरीं गेला असेल. या तिन्ही गोष्टी ठेवेकऱ्याच्या जागेवरून अगदीं सारख्याच दिसतात. त्याच्या हातीं एकच माप आहे, आणि तें म्हणजे चपला येऊन किती वेळ झाला. रात्रीं कधीं तरी त्यास ठरवावें लागतें कीं, हा आतां येत नाहीं. तें ज्ञान नव्हे, तें अनुमान आहे.

सर्व्हरही तेंच करतो. प्रत्येक मागणीच्या वेळीं तो 'शेवटीं दिसला' ही वेळ नवी लिहितो, आणि त्या वेळेपासून ठराविक काळ कांहींच मागणी आली नाहीं तर बैठक संपली असें समजतो. हा ठराविक काळ कोणी शास्त्राच्या आधारें शोधून काढलेला नाहीं. पी. एच. पी. या भाषेंत तो मूळचा १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटें, दिलेला असतो, मायक्रोसॉफ्टच्या ए. एस. पी. प्रणालींत २० मिनिटें; जावा भाषेंतील कार्यक्रम चालविणाऱ्या टॉमकॅट सर्व्हरांत ३० मिनिटें. ज्याचें संकेतस्थळ असेल त्यानें आपल्या कामाप्रमाणें हा आंकडा बदलावा अशी अपेक्षा असते. परंतु पुष्कळ ठिकाणीं तो कोणी कधीं पाहिलेलाही नसतो, असें माझें मत झालें आहे.

येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. वेळ भरली म्हणजे घंटा वाजून बैठक तत्काळ मोडते, असा आपला समज असतो. पण प्रत्येक नोंदीपाशीं घड्याळ धरून उभा राहणारा शिपाई सर्व्हरानें कोठून आणावा? पी. एच. पी. च्या मूळ व्यवस्थेंत तर ही झाडलोट चक्क नशिबावर सोडलेली आहे. बैठक उघडणाऱ्या दर शंभर मागण्यांमागें सरासरीनें एका मागणीच्या वेळीं सर्व्हर वही चाळतो आणि मुदत उलटलेल्या नोंदी फाडून टाकतो. ज्या संकेतस्थळावर रात्रंदिवस गर्दी आहे तेथें यानें काम भागतें. ज्यावर दिवसांतून दहा माणसें येतात तेथें मुदत संपलेली नोंद तशीच पडून राहते, आणि जुनी चिठ्ठी घेऊन कोणी आला तर ती चालूनही जाते. टॉमकॅटमध्यें एक सेवक ठराविक अंतरानें फेरी मारतो. ए. एस. पी. मध्यें बैठक संपतांना एक विशेष सूचना देण्याची सोय आहे. पण तीही नोंदी सर्व्हराच्या स्वतःच्या स्मृतींत असतील तरच मिळते, आणि मध्येंच यंत्र बंद पडलें तर मिळतच नाहीं. 'बैठक संपली' या सूचनेवर हिशेब रचणारे कित्येक नवशिके या ठिकाणीं फसले आहेत.

आणि सूचना मिळाली तरी ती कोणत्या वेळेची समजावी ? कल्पना करा कीं, एका मनुष्याची शेवटची मागणी ११ वाजतां आली. मर्यादा २० मिनिटांची आहे. झाडलोटीची फेरी ११ वाजून २७ मिनिटांनीं झाली. तो मनुष्य गेला केव्हां ? ११ वाजतां तो होता, एवढेंच खरें. ११-२० ही आपल्या नियमानें ठरविलेली वेळ, आणि ११-२७ ही तर केवळ झाडूवाल्याची. वाचकांनीं किती वेळ घालविला याचे तक्ते मांडणारांस हा प्रश्न नेहमीं भेडसावतो. शेवटच्या पानानंतर दुसरी मागणीच येत नसल्यामुळें, तें पान वाचकानें दहा सेकंद पाहिलें कीं दहा मिनिटें, हें नुसत्या मागण्यांच्या नोंदीवरून कधींच काढतां येत नाहीं. यास्तव शहाणा कार्यक्रम-लेखक वहींत 'शेवटीं दिसला' हीच वेळ लिहितो, आणि 'गेला' हा शब्द लिहितांना हात आखडता घेतो.

कोणी चतुर विद्यार्थी येथें विचारील कीं, ब्राउझरानेंच जातां जातां निरोप कां देऊं नये ? खिडकी मिटतांना त्यानें 'आम्ही निघालों' एवढा एक शब्द सर्व्हराकडे पाठविला म्हणजे झालें ! ही कल्पना फार जुनी आहे, आणि तशी सोयही आहे. पण ती भरंवशाची नाहीं. वीज गेली तर निरोप कोण पाठविणार ? मोबाइलवर तर लोक खिडकी मिटवीतच नाहींत. दुसरें कांहीं उघडतात, आणि थोड्या वेळानें फोनच जागा मोकळी करण्यासाठीं मागील पान गुपचूप बंद करून टाकतो. मृत्यूचें वर्तमान मृतानेंच कळवावें, अशी अपेक्षा करण्यापैकीं हें आहे. शिवाय पान ताजें करण्यासाठीं पुन्हां उघडलें तरी ब्राउझर प्रथम जुनें पान मिटवितोच. तेवढ्यावरून पाहुणा गेला असें समजून त्याचें ताट उचललें, तर तो दारांतच उभा असावयाचा!

दुसरा उपाय नाडी पाहण्याचा. पान उघडें असेपर्यंत ब्राउझरानें दर मिनिटास आपण होऊन एक लहानशी मागणी पाठवावी, आणि ती येईनाशी झाली म्हणजे सर्व्हरानें समजावें. यानें खिडकी मिटल्याचें लवकर कळतें हें खरें. परंतु उघड्या खिडकीपुढें माणूस आहे कीं नाहीं, हें मात्र कळत नाहीं. कचेरींत पंखा फिरतो आहे, दिवा जळतो आहे, आणि खुर्ची रिकामी आहे, असा देखावा आपण पाहिलेला असेलच. आणि ह्या नाडीच्या ठोक्यासच सर्व्हर हजेरी समजूं लागला, तर उघडें पान टाकून गेलेल्याची बैठक रात्रभर जिवंत राहील. म्हणून यंत्रानें आपण होऊन पाठविलेली मागणी आणि माणसानें बोटानें दाबून पाठविलेली मागणी, या दोहोंचे हिशेब निराळे ठेवावे लागतात.

बरें, फोनसारखा सतत ताणलेला धागाच ठेवला तर ? तशीही सोय आतां आहे. तीस वेबसॉकेट म्हणतात. ती नीट बंद केली तर दुसऱ्या बाजूस लगेच कळतें. पण मध्येंच केबल तुटली किंवा मोबाइलची रेंज गेली, तर दुसऱ्या बाजूस कांहींच कळत नाहीं. तिच्या दृष्टीनें धागा शाबूतच असतो, फक्त पलीकडचा बोलत नाहीं. अशा मुक्या जोडीची चौकशी करण्याची व्यवस्था लिनक्स प्रणालींत आहे. पण ती वापरावयाचें ठरविलें तरी मूळच्या मापाप्रमाणें पहिली चौकशी दोन तासांनीं होते! धाग्यानेंही शेवटीं आपणांस त्याच प्रश्नापाशीं आणून सोडलें : शांतता किती वेळ सोसावी ?

या प्रश्नास एकच उत्तर नाहीं, कारण चूक दोन बाजूंनीं होऊं शकते. मुदत थोडी ठेवावी तर आमच्या मुलीसारख्यांचें नुकसान. फार ठेवावी तर त्या दुसऱ्या विद्यार्थ्यासारख्यांचें खातें उघडें. कोणती चूक अधिक महाग पडते, हें कामावरून ठरवावें लागतें. पैशांचा व्यवहार जेथें आहे तेथें मुदत थोडकी असते. देयक-कार्डांच्या सुरक्षेसाठीं जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांत १५ मिनिटें हालचाल न झाल्यास पुन्हां ओळख पटवून घ्यावी असें आहे. अमेरिकेच्या मानक-संस्थेनें २०१७ साली काढलेल्या मार्गदर्शिकेंत मधल्या दर्जाच्या सुरक्षेसाठीं दोन मर्यादा एकत्र सांगितल्या होत्या : ३० मिनिटें शांतता झाली तर बैठक संपवावी, आणि अखंड काम चालू असलें तरी १२ तासांनीं संपवावीच. ही दुसरी मर्यादा कशासाठीं, असें वाटेल. चिठ्ठी चोरणारा मनुष्य आळशी नसतो. तो शांतता पडूंच देत नाहीं. त्याच्यासाठीं ही दुसरी भिंत.

आतां आमच्या मुलीचें काय ? तिच्यासाठींही नियम झालेले आहेत, आणि ते फारसे कोणास ठाऊक नाहींत याचें मला वाईट वाटतें. अंध, अपंग, वृद्ध किंवा सावकाश वाचणारे यांनाही संकेतस्थळें वापरतां यावीं म्हणून २००८ साली जीं आंतरराष्ट्रीय तत्त्वें प्रसिद्ध झालीं, त्यांत वेळेच्या मर्यादेविषयीं स्वतंत्र कलम आहे. मुदत संपण्यापूर्वीं इशारा द्यावा, आणि एखादें बटन दाबण्यासारख्या सोप्या कृतीनें ती वाढवून घेण्यास निदान २० सेकंद द्यावे, हा त्यांतील एक मार्ग होय. त्याच तत्त्वांच्या सर्वांत वरच्या पायरीवर असें आहे कीं, बैठक संपून पुन्हां प्रवेश करावा लागला तरी आधीं लिहिलेलें कांहींही नष्ट होऊं नये. म्हणजे माणसास पुन्हां ओळख विचारणें वाजवी आहे. त्याचें लिहिलेलें फेकून देणें वाजवी नाहीं. या दोन गोष्टी एकमेकींस बांधलेल्या नाहींत. अर्जाचा मसुदा दर रकान्यागणिक सर्व्हराकडे जपून ठेविला असता, तर मुलीचें अक्षरही गेलें नसतें, आणि सर्व्हरासही ती जागी आहे हें कळलें असतें.

या विषयांत मला सर्वांत आवडलेली युक्ति मात्र निराळीच आहे. समजा, वणीहून नागपूरच्या एस. टी. चें आसन कोणी वेबवर निवडलें आणि पैसे भरण्यापूर्वीं तो नाहींसा झाला. आसन किती वेळ अडवून ठेवावें ? नवशिका म्हणतो : त्याची बैठक संपल्याची सूचना आली कीं आसन सोडूं. आतां त्या सूचनेचा भरंवसा किती, हें आपण पाहिलेंच. अनुभवी मनुष्य सूचनेची वाटच पाहत नाहीं. तो आसन राखून ठेवितांनाच त्यावर लिहितो : 'अमुक वाजून अमुक मिनिटांपर्यंत राखीव.' पुढें दुसरा कोणी तें आसन मागावयास आला म्हणजे लिहिलेली वेळ पाहावयाची. उलटून गेली असेल तर आसन मोकळेंच आहे. घंटा नको, शिपाई नको, निरोप नको. झाडलोट उशिरां झाली तरी कांहीं बिघडत नाहीं. चिठ्ठीवरील बैठकीसही हाच न्याय लावतां येतो : चिठ्ठी पुढें आली कीं आधीं 'शेवटीं दिसला' ती वेळ तपासावी, आणि मुदत उलटली असेल तर नोंद वहींत असूनही ती नाहीं असें समजावें. तो मनुष्य केव्हां गेला, हें कोडें सुटत नाहीं. पण त्यावांचून आपलें काही अडतही नाहीं.

राहतां राहिला तो दुसरा विद्यार्थी. त्यानें खिडकी मिटविली. पण 'लॉगआउट' केलें नव्हतें. खिडकी मिटविल्यानें सर्व्हराच्या वहींतील नोंद जात नाहीं. ब्राउझराकडील चिठ्ठी त्या वेळीं नष्ट व्हावी अशी पुष्कळदां योजना असते. पण अलीकडील ब्राउझरांत 'मागील वेळचीं पानें पुन्हां उघडा' अशी सोय असते, आणि ती चालू असेल तर पानांबरोबर चिठ्ठीही परत येते. दुकानांतील त्या संगणकावर बहुधा हेंच झालें असावें. लॉगआउटचें बटन दाबणें म्हणजे चपलांचा बिल्ला परत करणें होय. सर्व्हरास निश्चितपणें कळणारा निरोप असा हा एकच. मात्र त्या वेळीं सर्व्हरानें वहींतील नोंदही खोडली पाहिजे. नुसती ब्राउझराकडील चिठ्ठी फाडून चालत नाहीं, कारण त्या क्रमांकाची नक्कल कोणी करून ठेविली असेल तर ती चालतच राहील. पालकांपैकीं ज्यांना दुकानांत किंवा दुसऱ्याच्या फोनवर काम करावें लागतें, त्यांनीं हें बटन कोठें आहे तें काम सुरू करण्यापूर्वींच पाहून ठेवावें. बहुतेक ठिकाणीं तें उजव्या कोपऱ्यांत, नांवाखालीं दडलेलें असतें.

आम्ही त्या दिवशीं अर्ज दुसऱ्यांदां भरला. या खेपेस मुलीनें सर्व कागद आधीं टेबलावर मांडून ठेविले, आणि सर्व मजकूर प्रथम वहींत लिहून घेतला, त्यामुळें बारा मिनिटांत काम झालें. पोंचपावतीचा कागद छापून वडिलांनीं घडी घालून खिशांत ठेविला. मुलगी मात्र उठली नाहीं. तिनें कोपऱ्यांतील बटन शोधून दाबलें, प्रवेशाचें कोरें पान पुन्हां पडद्यावर आलेलें पाहिलें, आणि माझ्याकडे वळून विचारलें, "आता समजलं असन त्यायले ?"

"हो," मीं म्हटलें, "आतां समजलें."